समुद्राची ओटी

वितळत्या गुळाचा वास आला, की मला अजूनही आधी माशांची गुणगुण ऐकू येते आणि मग समुद्र.

लातूर नुकताच स्वतंत्र जिल्हा झाला होता; कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग ताजा होता आणि गावोगावच्या विहिरींचे तळ उघडे पडले होते. माझे दीर काठेवाडच्या किनाऱ्यावर मिठागरात नोकरीला होते. त्यांच्याकडे निघताना सासूबाईंनी तांदूळ, खण, नारळ आणि गुळाचा खडा एका गाठोड्यात बांधून घेतला. आमच्याकडे नदीला पाणी आले की सवाष्णी तिची ओटी भरतात. यंदा नदीच आटली, तेव्हा जिथे पाणी आहे तिथे जाऊन ते मागावे, इतके सरळ त्यांच्या मनात होते. मी त्या गाठोड्याला हात लावत नव्हते. त्यांचा थोरला मुलगा, माझा नवरा, आदल्या वर्षी गेला होता; ओटीचे सामान विधवेने हाताळायचे नसते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानातली वाट म्हणजे ओहोटीने उघडे पडलेले, शिंपल्यांनी धारदार झालेले काळे खडक, बाजूला तिवरांच्या झाडांची ओलसर, कुजकट सावली आणि वर पांढरे, निर्विकार ऊन. गूळ पाझरू लागला तशा माशा आल्या. डोळ्यांच्या कडांवर, ओठांवर, घामाच्या प्रत्येक रेषेवर त्या बसत. मी पदराने तोंड गुंडाळून चालत राहिले.

"माय, फेक तो गूळ," दीर वैतागले. "गावच्या साऱ्या माशा संगं आणल्यास का काय?"

"येऊ दे की. त्यायलाबी पाणी दिसंल."

"अन् इथं पाण्यात काही टाकू देत न्हाईत."

"टाकायचं कुठं हाय रे? वटी भरायची हाय."

अखेर मूठभर तांदूळ-गुळावर तडजोड झाली.

पाण्याशी उतरणारा शेवटचा खडक मात्र शेवाळलेला होता. सासूबाईंचा गुडघा वाकेना. पाय घसरला, तसे दिरांनी त्यांना सावरले. भरतीचे पाणी चढू लागले होते. ओटी पुरुषाने भरायची नसते. खाली उतरू शकणारी बाई मी एकटीच होते, आणि मी दुसरीकडे पाहत होते. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. कुंकवाशी बसलेली माशीसुद्धा त्यांनी हाकलली नाही. मग गाठ सोडून त्यांनी चिकट झालेले तांदूळ माझ्या ओंजळीत ओतले, माझी बोटे स्वतःच्या हातांनी मिटली आणि म्हणाल्या,

"भर."