डोळे मिटायला लावणारे चाचा

पनवेलच्या बाजारात गिऱ्हाइकाला डोळे मिटायला लावून माल विकणारा दुकानदार मी एकच पाहिला: आमचे साउंडवाले चाचा. डीजेचं यंत्र वाजवून दाखवायच्या आधी ते त्यावर नॅपकिन टाकायचे नि आपल्याला डोळे मिटायला सांगायचे. "रोशनी झाकली की आवाज ऐकू येतो, भाभी."

मी तेव्हा बासष्टची, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. नात सायली डीजे होणार म्हटल्यावर घरादाराने नाकं मुरडली, म्हणून मी केवळ त्यांना चिडवायला तिच्या बाजूने उभी राहिले. नेरे गावातल्या एका आगरी हळदीचं तिला पहिलंच बोलावणं आलं होतं. तिथे पोरीची फजिती झाली असती, तर "बघा, सांगितलं होतं" म्हणायला सगळे टपलेलेच.

चाचांचा पहिला प्रश्न ठरलेला. "लॅपटॉप आणलाव?" गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तासभर वाजवून बघितल्याशिवाय ते काही विकतच नसत. सायलीचा लॅपटॉप जुना, दमेकरी. त्यावर हलकं सॉफ्टवेअर टाकून त्यांनी दोन चॅनलचं, म्हणजे एका वेळी दोनच गाणी हाताळणारं, साधं यंत्र पुढे केलं. मी शेजारच्या चार चॅनलवाल्या यंत्राकडे बोट दाखवलं. त्याला इतके दिवे, की मांडवाला वेगळी रोषणाई नको!

"पोरीला हात किती हायत?" चाचांनी विचारलं.

"दोन."

"मग?"

माझा पारा चढला. दिवेवालं यंत्र मी हट्टाने दुसरीकडून मागवलं, वर भारीतलं सॉफ्टवेअर. घरी जोडलं, तर लॅपटॉपने मान टाकली. गाणं एका शब्दावर अडकून उचक्या देत राहिलं. हळद चार दिवसांवर. ते धूड परत पाठवून मी सायलीला घेऊन चाचांपुढे जाऊन उभी राहिले.

"बसा, चाय घ्या," ते म्हणाले. "शरम चायबरोबर उतरते."

साधं यंत्र बांधून देताना चाचांनी सायलीला बजावलं, "गाणी लॅपटॉपमध्येच भरून ने, डोंगराखाली नेटवर्क नाय. आणि धवलारीण गायला लागली की बटणावरचा हात काढायचा. लग्न तिच्या गाण्यानं लागतं बेटा, तुझ्या नाय."

मांडवात नाच ऐन रंगात असताना धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवळे गाणारी म्हातारी, उठली. सायलीने आवाज पार खाली नेला. नाचणारे ओरडले, "ए डीजे, बंद का केलास? वाजव!" सायलीने हात पाठीमागे बांधले. मला वाटलं, संपलं. हिला पुन्हा कोणी बोलावत नाही. म्हातारी गाणं पुरं करून सायलीकडे वळली. "आता लाव गो तुजी ढोलकी. पन माज्या मागं मागं ये."

सायलीने अलगद ढोलकीचा ठेका सोडला. म्हातारी पुन्हा गायली, आणि मघा ओरडणारेच टाळ्यांचा ताल धरून उभे राहिले. त्याच मांडवात आणखी दोन हळदी ठरल्या.

गेल्या वर्षी चाचा दुकान बंद करून मुलीकडे उरणला गेले. निघायच्या दिवशी सायलीला ओवे गावात एका हळदीला वाजवायचं होतं. तिला यायला जमणार नाही, हे मी चाचरत सांगितलं, तर गडी खूश! "काम टाकून निरोपाला आली असती, तर बोललोच नसतो तिच्याशी."

म्हणून रडायचं काम मी एकटीने केलं. त्याला सुदैवाने सॉफ्टवेअर लागत नाही.