ते बटण मला ठाऊक होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीच्या जुन्या वहीत पानं उरलीत, त्यांत लिहून ठेवते.

निरवांगीच्या बाजूला एका दूध संस्थेचा जनावरांचा दवाखाना होता. नव्वद साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. मी तिथं कार्डं काढायला होते. प्रत्येक गाईचं एक कार्ड असायचं. रेतन करून कधी भरवली, गाभण राहून फळली की उलटली, कधी व्याली, कसलं इंजेक्शन दिलं, सगळं त्यावर. माझं शिक्षण चौथी, पण अक्षर बरं. कार्डं मी औषधांच्या रिकाम्या खोक्यांत वस्तीप्रमाणं लावली होती. आधी वस्ती, मग मालक, मग गाईची खूण. एखादीच्या कपाळावर चांद, एखादीचं शिंग मोडलेलं. माणूस दारात आला की तो कुठल्या मळ्यातला हे चेहऱ्यावरून कळायचं, आणि तो चप्पल काढेपर्यंत कार्ड डॉक्टरांच्या टेबलावर असायचं. मला लोकांत बोलायला जमत नाही. त्या कामात बोलावं लागत नव्हतं, म्हणून ते मला जिवापाड आवडायचं.

मग कॉम्प्युटर आला. दवाखान्याच्या व्यवस्थापकाचा मेहुणा बारामतीला होता, त्यानं गाईंच्या नोंदींचा प्रोग्राम बनवला होता. हा चालला तर संस्थेच्या सगळ्या दवाखान्यांत बसवणार असं ठरलं होतं. बारावी झालेल्या दोन मुली त्यावर नेमल्या. पडद्यावर पहिली ओळ यायची ती गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागायची. तो लिहिल्याशिवाय पुढं काही नाही.

मी आयुष्यात एकदाच आपणहून विचारलं. म्हटलं, नंबर कुणाला पाठ नसतो, कितीतरी गाईंचे बिल्ले चरताना तारेत अडकून तुटलेत, मग कसं करायचं? व्यवस्थापक खुर्चीत मागं रेलला. बाकावर दहा-बारा गडी बसलेले, त्यांच्याकडं बघून म्हणाला, "ऐका, चौथी पास बाई आता कॉम्प्युटरला शिकवनार. अगं, त्यो इंग्रजीत विचार करतो. तू शेणात करतीस."

सगळे हसले. त्यांतल्या निम्म्यांच्या गाईंची कार्डं मी लिहिलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं मला फरशी पुसायला लावलं. कार्डं बंबात घालायला सांगितली. खोकी उचलायला गडी मागितला तर म्हणाला, "तुझी रद्दी हाय, तूच उचल." मी दोन पोती भरली आणि भर दुपारी पेठेतून डोक्यावरून नेली, दोन खेपांत. बंबात घातली नाहीत. घरी ज्वारीच्या कणगीमागं ठेवली.

फरशी पुसणाऱ्या बाईकडं कोणी बघत नाही. मी त्या टेबलाखालची फरशी रोज दोनदा पुसायची. त्या मुलींची बोटं बघून मला दोन गोष्टी कळल्या. नंबर माहीत नसला तर वरच्या ओळीतलं एक बटण दाबायचं, मग मालकांची सगळी नावं पडद्यावर येतात. हे पडद्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. मेहुण्यानं व्यवस्थापकाला तोंडी सांगितलं होतं, त्यानं मुलींना. दुसरं म्हणजे नवी नोंद लिहून झाली की एंटर एकदाच दाबायचं. दोनदा दाबलं तर त्या गाईचं जुनं सगळं पुसून जातं. मुली ते बटण मोजून दाबायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला निरोप आला की पुण्याहून एक मॅडम प्रोग्राम तपासायला येणार. व्यवस्थापकाला वाटलं, शाळा तपासायला साहेब येतात तसंच हे. त्यानं भिंतींना चुना लावून घेतला, दारात रांगोळी काढायला लावली आणि दोन दिवस मुलींकडून पाच प्रश्नांची बटणं घोकून घेतली. वर गवळ्यांकडून कागदांवर अंगठे घेतले. कागदावर लिहिलेलं होतं, कॉम्प्युटर फार आवडला.

मॅडमनी ते कागद बाजूला ठेवले. म्हणाल्या, आवडला का हे विचारून काही कळत नाही, काम करताना हात कुठं थांबतो ते बघावं लागतं. चार-पाच माणसं बसवली तरी मोठे खड्डे दिसतात. त्यांच्याकडं एक घड्याळ आणि वही होती. बसणाऱ्यानं मनात येईल ते मोठ्यानं बोलत काम करायचं आणि कोणी मदत करायची नाही, एवढाच नियम. प्रत्येकीला त्या आधी सांगत होत्या, "मी प्रोग्राम तपासते आहे, तुम्हाला नाही."

पहिली मुलगी घोकलेलं करत गेली. मॅडमनी प्रश्न जरा फिरवला तशी ती अडली. लगेच मागं उभा असलेला व्यवस्थापक खोकला. मुलीचं बोट हललं. पुन्हा अडली, तो दोनदा खोकला. मॅडम वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला खोकला फार आहे. बाहेर उन्हात बसा."

मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, दवाखान्याचं काम माहीत आहे पण हे शिकवलेलं नाही असं कोणी आहे का? मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. डॉक्टरांनी माझ्याकडं बोट केलं. खिडकीतून व्यवस्थापकाचा आवाज आला, "मॅडम, ती पुसायला हाय. चौथी शिकलीय."

"मग त्यांनाच बसवू," मॅडम म्हणाल्या. "या ताई."

मी ट्रे ठेवला आणि खुर्चीच्या कडेला बसले. काम असं होतं: वरकुट्याहून आजी आलीय, गाईचा नंबर तिला माहीत नाही, तिची गाय कधी भरवली ते सांगायचं. ते बटण माझ्या बोटापासून दोन बोटांवर होतं. खिडकीच्या गजांतून तो बघत होता. मी हात मांडीवर ठेवला.

"हितं नंबर मागतोय," मी म्हणाले. "आजीला नंबर ठाव न्हाय. दुसरं काय करायचं ते कुठं लिवल्यालं न्हाय. मी थांबले."

माझाच आवाज मला ओळखू येईना. एवढ्या मोठ्यानं मी कधी बोललेच नव्हते. घड्याळ चालू होतं. बराच वेळ गेल्यावर मॅडमनी सांगितलं, पुरे. मग त्यांनी खऱ्या नोंदींतला एक नंबर दिला, त्या गाईला आज इंजेक्शन दिलं असं लिहायला लावलं. मी लिहिलं. एंटर दाबलं. मग परत दाबलं.

"आता गाईचं मागचं कायच दिसंना," मी म्हणाले. "मी काय चुकीचं केलं, ह्ये बी ह्यो सांगंना."

मॅडम कितीतरी वेळ लिहीत होत्या. खोटं मी एक अक्षर बोलले नव्हते. ज्याला माहीत नाही त्याचं तसंच झालं असतं. पण मला माहीत होतं.

आठ दिवसांत संस्थेचा कागद आला. प्रोग्राम दुसरीकडं बसवायचा नाही, कार्डं लावणाऱ्या बाईला बरोबर घेऊन नव्यानं बनवायचा, आणि पुसल्या गेलेल्या नोंदी जुन्या कार्डांवरून भरून घ्यायच्या. कार्डं कुठं आहेत असं वरून विचारणं झालं. ती जाळायला कोणी सांगितली हे डॉक्टरांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. व्यवस्थापकानं मला विचारलं तर मी खाली बघून फरशी पुसत राहिले. असे तीन दिवस काढले. त्याचा उतरलेला चेहरा बघायला मी वेळेआधी कामावर जायची.

त्या तीन दिवसांत वरकुट्याची एक म्हातारी खरंच आली. तिची गाय तीच, जिचं मी पुसलं होतं. गाईचे दिवस भरलेत का, तारीख बघ म्हणाली. मुलींना काही सापडेना. कार्ड माझ्या घरी कणगीमागं होतं. मी म्हटलं, न्हाय सापडत.

"तुझ्याकडनं कवा मोकळी गेले न्हवते बाय," एवढं म्हणून ती एसटीला गेली.

चौथ्या दिवशी व्यवस्थापक माझ्या दारात आला. चप्पल बाहेर काढून उभा राहिला. "ताई, एखादं तरी कार्ड ऱ्हायलंय का?"

मी कणगी दाखवली. "दोन पोती हायती. तुमी सांगितल्याली रद्दी हाय, तुमीच उचला."

तो रिक्षा बघतो म्हणाला. मी म्हटलं, रिक्षात कार्डांचा क्रम मोडतो. क्रम काही मोडत नव्हता, सुतळीनं बांधलेला होता. भर दुपारी पेठेतून त्यानं दोन खेपा केल्या आणि दोन्ही वेळा मी चार पावलं मागून चालले. हॉटेलात बसलेल्यांनी विचारलं, काय साहेब, काय नेताय? त्यानं डोक्यावरचं पोतं सावरलं आणि पाय उचलला.

पुढं मेहुणा महिनाभर माझ्याशेजारी बसला. मग पडदा आधी वस्ती विचारायला लागला. माझं टेबल मला परत मिळालं.

ती पोती जाण्याआधी म्हातारीचं कार्ड मी काढून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून वरकुट्याला गेले. म्हातारी दवाखान्यात आली त्याच दिवशी गाय व्याली होती, एकटीच, ती घरी परतायच्या आत. कालवड नीट होती. म्हातारीनं मला खरवस दिला. मी तो खाल्ला आणि कार्डावर तारीख लिहिली. बाकीचं तिला सांगायचं धाडस झालं नाही.

व्यवस्थापकाला मात्र मी ठरवून सांगितलं नाही. आजही बाजारात दिसला की तो म्हणतो, त्या दिवशी ते एक बटण तुला म्हाईत असतं तर सगळं निभलं असतं. मी पदर सारखा करते आणि म्हणते, व्हय साहेब.