डब्यातला कळप

आटपाडीच्या एसटीत माझ्या शेजारी एक धनगर आजी बसली होती. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा. खिडकीतून ऊन आलं की त्यावर पदर धरायची.

"आजी, डब्यात काय?"

"मेंढरं," म्हणत तिनं झाकण किलकिलं केलं. आत खसखशीएवढी अंडी चिकटवलेला कागद होता. त्यातून चिलटाएवढ्या गांधीलमाश्या निघणार आणि डाळिंबावरची पतंगाची अंडी, अळी व्हायच्या आत, संपवणार.

"खतासाठी रानात मेंढरं बसवायचो, तशा ह्या बागंत बसवायच्या. आता फवारा बंद."

"आणि शेजारच्या बागेत गेल्या तर?"

"जाऊ द्या की! त्येचीबी डाळिंबं वाचत्याल."

फाट्यावर उतरून ती उन्हाकडं पाठ करून, डबा आपल्याच सावलीत धरून निघाली. चार पावलांवर, सवयीनं, डब्याकडं बघून म्हणाली, "हुर्रर्र, चला!"