मोकाशी सरांचं नाव

मोकाशी सर रस्त्यात गाय दिसली तरी थांबून तिचं नाव विचारायचे. गाय हाकणारा आधी दचकायचा. मास्तर गाय विकत घेतात की काय, अशी शंका त्याला यायची. मग तो म्हणायचा, "चंद्री म्हन्तो आमी हिला. का वं, काय झालं?" सर "चंद्री" असं स्वतःशीच पुटपुटायचे, गाईच्या कपाळावर हात ठेवायचे आणि तिथेच उभे राहायचे. तिकडे शाळेची घंटा कधीच होऊन गेलेली असायची.

ते नगरहून आमच्या गावी इंग्रजी शिकवायला आले तेव्हा मी आठवीत होते. आमचं गाव काष्टीपासून दोन कोसांवर. सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आमच्या समोरच्याच दोन खोल्यांत राहायचे, त्यामुळे सर मला शाळेत दिसायचे आणि घरी आल्यावर खिडकीतूनही. पन्नाशीचे, उंच, किडकिडीत. शर्टाचं एक बटण कायम चुकीच्या काजात. मूलबाळ नव्हतं. बोलता बोलता ते मधेच गप्प व्हायचे आणि लांबून कोणी काही सांगत असल्यासारखे ऐकत राहायचे. आम्ही मुलं त्या वेळात खुशाल चिंचा खाऊन घ्यायचो.

कॉमन नाऊन आणि प्रॉपर नाऊन हा धडा इतर शाळांत एका तासात उरकत असेल. आमच्याकडे तो महिनाभर चालला. सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. कोणी "नदी" म्हटलं की सर विचारायचे, "कुठली?" "भीमा." मग ते भीमेचं पहिलं अक्षर चांगलं ठसठशीत काढायचे आणि म्हणायचे, "नावाचा मान असतो, तो असा द्यायचा." इथवर सगळं पुस्तकात होतं. पुढचं सरांचं स्वतःचं. "कॉमन नाऊन म्हणजे लांबून दिसलेलं. जवळ जाऊन विचारलंत की तेच प्रॉपर होतं. जवळ जायचा कंटाळा करू नका."

एकदा किसन नावाचा मुलगा उभा राहिला. एरवी त्याच्या तोंडून इंग्रजीच्या तासाला अक्षर फुटायचं नाही. म्हणाला, "सर, वावरांना बी नावं असत्यात. आमच्या वरच्या वावराला चोरपट्टी म्हन्त्यात." सरांचा खडू हवेतच थांबला. मग काय, ज्याला त्याला आपलं वावर सांगायचं होतं. बाभूळवान, पिराची पट्टी, म्हातारीचा माळ, बुडकीचं टिपण. सर एकेक नाव इंग्रजीत लिहीत गेले, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं. फळा भरला तेव्हा ते मागे सरले आणि आमचं उन्हात पडलेलं सगळं शिवारच भिंतीवर उतरलं असावं तसे बघत राहिले. दारात मुख्याध्यापक येऊन उभे होते.

"मोकाशी, क्रियापदं कधी घेणार?"

"घेतो ना. नामं संपली की लगेच."

ती कधीच संपणार नाहीत, हे मुख्याध्यापकांना कळलं आणि ते मान हलवत निघून गेले.

बहात्तर साली पाऊस झाला नाही. दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापांबरोबर पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागला. सर हजेरीपट काखेत मारून तिथे जायचे, मला सोबत घ्यायचे आणि मातीच्या ढिगावर उभं राहून एकेकाचं नाव पुकारायचे. फुफाट्यातून कुठूनतरी "हजर सर" यायचं. मुकादम एका पोरीवर खेकसला, "ए पोरगे, उचल की पाटी!" सर त्याला शांतपणे म्हणाले, "सुमन नाव आहे तिचं."

"मास्तर, हितं एवढी मानसं हायती. कुनाकुनाची नावं ध्यानात ठिवू?"

"मी ठेवतो. जमतं हो, अवघड नाही."

परत येताना मी विचारलं, "सर, तुमचं नाव काय?" आम्हाला ठाऊक होती ती सहीतली दोन अक्षरं. सरांनी हजेरीपट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. मग म्हणाले, "दत्तात्रय. आई दत्तू म्हणायची. ती गेल्या वर्षी गेली. आता मी सर, गुरुजी, मास्तर आणि अहो. नावानं हाक मारेल असं कोणी उरलं नाही गं, शकू. मीच कॉमन नाऊन झालो बघ." ते हसले. पण पुढे घरापर्यंत त्यांनी वाटेतल्या एकाही बैलाचं नाव विचारलं नाही.

मला राहवेना. काकू दारात रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत बसल्या होत्या, त्यांना मी सरळ सांगितलं, "काकू, सरांना नावानं हाक मारा ना. त्यांना पाहिजे तसं."

"काय बोलतेस कार्टे! बायकोनं नाव घेऊन हाक मारली की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं."

"उखाण्यात तर घेता."

"नाव घेणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं," काकू म्हणाल्या आणि पुन्हा सुपात बघू लागल्या. विषय मिटला.

हळदीकुंकवाला गावातले पुरुष घरातून पळ काढतात. सर मात्र संक्रांतीला मधल्या पडद्याआड पेपरांचा गठ्ठा घेऊन बसायचे. त्या वर्षी मी तिळगुळाचं ताट आणायला आत गेले, तेवढ्यात बाहेर बायकांनी काकूंना गळ घातली. काकूंनी आढेवेढे घेतले आणि मग म्हटलं, "तिळात गूळ मिसळला, वडी झाली छान, दत्तात्रयरावांचं नाव घेते, राखते सर्वांचा मान." सरांनी डोळे मिटले होते. पेन नुसतं कागदावर टेकलेलं. समोरचा पेपर कोरा, एकही खूण नाही. वर्षातून एकदा स्वतःचं नाव ऐकायला हा माणूस चोरासारखा स्वतःच्याच घरात बसतो, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी ताट न घेताच बाहेर आले.

वैशाखात गावात विषमज्वर आला. सर अंथरुणाला खिळले, आणि दहाव्या दिवशी शुद्ध हरपली. श्रीगोंद्याहून आलेले डॉक्टर म्हणाले, "हाका मारत राहा. डोळे उघडले तरच पाणी पाजता येईल." दुपारभर लोक येत राहिले. मुलांनी "सर" म्हणून पाहिलं. किसनचा बाप "मास्तर, ओ मास्तर" म्हणून दमला. मुख्याध्यापकांनी "मोकाशी" म्हटलं तेव्हा त्यांचा आवाज फाटला. सर हलले नाहीत.

त्या दिवशी दिवस मावळायच्या आत सर गेले. पण त्याआधी जे झालं, ते मी समोर बसून पाहिलं.

लोक पांगल्यावर काकू उंबऱ्यातून "अहो" म्हणाल्या. नंतर आत आल्या आणि उखाण्यात घ्यावं तसं अदबीनं "दत्तात्रयराव" म्हणाल्या. मग त्यांनी एकदा देवाच्या कोनाड्याकडे पाहिलं, हात जोडले, सरांच्या उशाशी मांडी घालून बसल्या आणि खेळायला गेलेल्या पोराला जेवायला बोलवावं तशी खणखणीत हाक मारली, "दत्तू! ए दत्तू!"

सरांच्या पापण्या हलल्या. डोळे उघडले. ते काकूंकडेच बघत होते, इतकं सुख मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"आई?" ते म्हणाले.

जन्मभर जी भीती काकूंनी उराशी धरली होती, ती ओलांडून त्यांनी हाक मारली, आणि ती कोणाची हेही सरांना ओळखता आलं नाही. मला रडू फुटलं. काकू रडल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा चमचा सरांच्या ओठांशी नेला.

"हो रे," त्या म्हणाल्या, "आईच आहे. पी बरं."