कासमचाचा आणि विटेचा साचा

कासमचाचा कोणाच्याही हातचं काही घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचे. न्हाव्याच्या खुर्चीत बसताना, टॅक्सीत पाय ठेवताना, दाताच्या डॉक्टरसमोर आ करण्याआधी. "कोनाकडं शिकलास?" समोरच्याने नाव सांगितलं की मान डोलवायची आणि मगच गळा वस्तऱ्याखाली द्यायचा. त्यांचा ओमानी मालक, म्हणजे अर्बाब, एकदा घरचा हलवा घेऊन आला तर त्यालाही विचारलं. अर्बाबने हसत हसत आजीचं नाव सांगितलं, तेव्हा कुठे चाचांनी वाटीत बोट घातलं.

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो मस्कतजवळ, अझैब्याच्या किनाऱ्यावर. मी मूळचा सांगलीचा. समुद्र पाहिला तो लग्नानंतर, आणि गळ हातात धरला तो मस्कतला आल्यावर, चाळिशी उलटल्यावर. दिवसभर ऑफिसात इमारतींच्या एसीच्या डक्टचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी मासे पकडायचे, असा बेत होता. माशांचा बेत वेगळा होता. माझा गळ खडकात अडकायचा, दोरी तुटायची आणि टोकाचं शिशाचं वजन समुद्राला अर्पण व्हायचं. आठवड्याला दहा-बारा वजनं. माझी बायको वैशाली म्हणाली, "अहो, समुद्राची पातळी वाढली तर तुमच्यामुळेच वाढणार आहे."

तेव्हा मी ठरवलं, शिसं घरीच ओतायचं. आता इंजिनियर माणूस एखादी गोष्ट ठरवतो म्हणजे करतो असं नाही, आधी अभ्यास करतो. मी लॅपटॉपवर 'शिसे' नावाचं फोल्डर उघडलं. त्यात चाळीस व्हिडिओ, अकरा पुस्तिका आणि तपमानाचे तक्ते. मासेमारीच्या वजनांवर फारसं काही सापडेना. जे चांगलं होतं ते सगळं अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांचं. ते आपापल्या गॅरेजात बसून बंदुकीच्या गोळ्या ओतत होते. शिसं शेवटी शिसंच, म्हणून मी तेच बघायचो. एका रात्री वैशालीने मागून पडद्यावर पाहिलं आणि तिच्या हातातला चहा सांडला. "परक्या मुलखात राहतो आपण! उद्या दारात पोलीस आले तर काय सांगू, यांना बांगडा मारायचाय?"

अशा उच्च शिक्षणानंतर मी पहिलं वजन ओतलं. ते उकडलेल्या रताळ्यासारखं दिसत होतं. तेच गळाला बांधून मी किनाऱ्यावर उभा असताना शेजारी एक काटकुळा म्हातारा गळ टाकून बसला होता. पांढरी खुरटी दाढी, डोक्याला रुमाल. त्याने माझं रताळं हातात घेतलं, नखाने ओरखडलं आणि विचारलं, "कोनाकडं शिकलास?"

"व्हिडिओ बघून," मी अभिमानाने सांगितलं.

"त्याचं नाव काय?"

"नाव नाही माहीत. असतात वेगवेगळे."

"मंग तू चुकलास तर तो येतो काय बघायला?"

मी गुमान गळ पाण्यात टाकला.

हेच कासमचाचा, कोकणातल्या हर्णैजवळचे. मस्कतच्या वादी कबीर भागातल्या एका टायरच्या दुकानात तीस वर्षं पंक्चर काढत होते. चाकाचा तोल साधायला रिमला जी शिशाची पट्टी ठोकतात, ती जुनी झाली की ते डब्यात जमवायचे आणि त्याचीच वजनं ओतायचे. त्यांचं वजन खडकात अडकत नसे. लांबट, पोटाशी किंचित फुगीर, एका बाजूने चपटं. साचा म्हणजे विटेचे दोन तुकडे, समोरासमोर कोरलेले. तो त्यांच्या याकूबमामूंनी कोरून दिलेला. मामू गावात मासेमारीच्या जाळ्यांची शिशाची वजनं ओतायचे. स्टोव्ह पेटवताना चाचा "याकूबमामूच्या नावानं" असं पुटपुटत आणि मगच काडी ओढत.

मला शिकवा म्हणून मी मागे लागलो. तीन शुक्रवार त्यांनी नुसतं बसवून ठेवलं. दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत, वाऱ्याकडे पाठ करून. ओतताना बोलायचं नाही. पाण्याची बाटली दहा पावलं लांब. काम झालं की कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय खजूरसुद्धा तोंडात टाकायचा नाही. "शिसं पोटात गेला का खलास. भाडेकरूसारखा, निघतच नाय." मी ह्या सगळ्याची वहीत टिपणं काढत असे. चाचा वहीकडे बघत आणि म्हणत, "लिव, लिव. वही हुशार होतेय."

पण एक गोष्ट ते काही केल्या करत नव्हते. मला शागीर्द म्हणत नव्हते. कोणी विचारलंच तर "हा इंजिनेर हाय, बघायला येतो" एवढंच. चौथ्या महिन्यात माझी वजनं बऱ्यापैकी उतरायला लागली, तरी तेच. एकदा मी लाज सोडून विचारलं. ते म्हणाले, "शागीर्द म्हटला का त्याची चूक आपली. चूक शागिर्दाची नसते रे, उस्तादाची असते. म्हनून मी कोनाला म्हनत नाय. दोन पोरगे हायत मला, एकाला पन नाय म्हटला." आणि पळी पुसता पुसता, "त्यांना शिकायचं पन नव्हतं."

हे एवढंसं वाक्य मला फार लागलं. मला दोन पदव्या आहेत, ऑफिसात माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, आणि पंक्चरवाल्या म्हाताऱ्याने आपल्याला शागीर्द म्हणावं यासाठी मी अक्षरशः झुरत होतो. हसायचं तर हसा. वैशालीही हसली.

मग एके दिवशी चाचांनी सांगितलं की ते कायमचे गावी निघालेत. व्हिसा संपत होता आणि हातही थरथरायला लागले होते. एकच शुक्रवार उरला होता. "त्या दिवशी तू ओत. मी बसून बघतो," असं म्हणून त्यांनी साचा मला घरी न्यायला दिला. मामूंचा साचा! मी तो गाडीत पुढच्या सीटवर ठेवला आणि पट्टा लावला.

आता ऐका माझी अक्कल. घरी आणून पाहिलं तर साचा काजळीने काळा झालेला, कोपऱ्यांत राख. मनात आलं, शेवटचा दिवस आहे, चाचांसमोर वस्तू कशी लख्ख दिसायला हवी. आमच्या आईने आम्हाला शिकवलंय की दुसऱ्याची वस्तू परत करताना घासूनपुसून द्यावी. मी साचा धुतला. भांड्यांच्या साबणाने, ब्रशने, नळाखाली धरून. मग वैशालीच्या हेअर ड्रायरने अर्धा तास वाळवला. बाहेरून छान कोरडा लागत होता. फोल्डरमध्ये 'शिसे आणि पाणी' या विषयावर तीन व्हिडिओ होते. त्यांवर मी लाल शाईने टिपणंही काढली होती. पण साचा म्हणजे वीट, आणि वीट पाणी पिते, हे सांगलीच्या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी आलं नाही.

शुक्रवारी चाचा स्टुलावर बसले. मी "याकूबमामूंच्या नावानं" म्हणून स्टोव्ह पेटवला. ते खाली बघून हसले. शिसं वितळलं, मी वरचा मळ काढला, पळी भरली आणि ओतायला लागलो. आधी बारीक चर्र असा आवाज आला. मला तो आवाज म्हणजे यशच वाटलं. चाचांना कळलं. सत्तरीचा माणूस स्टुलावरून कसा उडाला देव जाणे, पण त्यांचा हात माझ्या तोंडासमोर आला आणि त्याच क्षणी साचा फुटला. विटेत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि शिसं वर उडालं. माझ्या शर्टाला भोकं पडली. चाचांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत शिशाचे थेंब चिकटले.

त्यांनी विटेचा एक तुकडा उचलला आणि वास घेतला. "साबन," ते म्हणाले. मला वाटलं, एक सणसणीत शिवी दिली असती तरी बरं झालं असतं.

दवाखान्यात केरळची एक सिस्टर होती. तिने हात साफ करता करता माझा भोकं पडलेला शर्ट पाहिला आणि काय ते ओळखलं. "ये खतरनाक काम है. किसने सिखाया आपको?" ती माझ्यावर खेकसली. मी तोंड उघडलं. म्हणणार होतो की यांनी नाही, यांनी सगळं नीट सांगितलं होतं, माझाच गाढवपणा. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"मैंने सिखाया, सिस्टर. मेरा शागिर्द है."

"अच्छा नहीं सिखाया," सिस्टर म्हणाली.

"हां," चाचा म्हणाले. "थोडा कम सिखाया."

मी बाहेर जाऊन पाण्याच्या मशीनमागे उभा राहिलो आणि चक्क रडलो. ज्या शब्दासाठी चार महिने झुरलो तो मिळाला, आणि कसा मिळाला! पोटच्या पोरांना दिला नाही तो शब्द त्यांनी माझ्या मूर्खपणावर पांघरूण घालायला वापरला.

विमानतळावर चाचांच्या हाताला बँडेज, खांद्याला पिशवी. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "बस रे. मामूच्या हातून पन एक साचा फुटलेला. डोळा गेला त्याचा. तुजा हाय ना? मंग." ओतायची पळी मला देऊन ते आत गेले.

मी नवी वीट कोरली आहे. गेले तीन आठवडे ती गॅलरीत मस्कतच्या उन्हात पडून आहे आणि रोज सकाळी मी तिला बाजू बदलून ठेवतो. वैशाली विचारते, "आता अजून किती वाळवणार? पापड असते तर तळून खाऊन झाले असते." तिचं खरं आहे. वीट केव्हाच वाळली असेल. पण पूर्वी मी चुकलो तर गाढव मी एकटा ठरायचो. आता चुकलो तर नाव हर्णैच्या माणसाचं जाणार. म्हणून म्हटलं, आणखी एक शुक्रवार जाऊ दे.