मास्तरीणबाईंची उलटी बस

मास्तरीणबाई रोज दुपारी बसमध्ये कुण्या परपुरुषाशी कडाकडा भांडतात, ही बातमी गल्लीत दूधवाल्याच्याही आधी घरोघर पोचली. बातमीत खोट एकच होती: पुरुष नव्हता. ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या मैदानात, जुन्या बसमध्ये बाई एकट्याच असत आणि झापत असत ते स्वतःला.

बारा वर्षं त्यांनी निम्म्या गल्लीला मोटार शिकवली. स्वतःला मात्र बस चालवायची होती. परीक्षा दोनदा दिली, दोनदा नापास. दोन पिंपांच्या मधून बस मागे घ्यायची, तर बाईंचा दर हातभर अंतराला ब्रेक! घरी दीर टपलेलेच. “काय वहिनी, मास्तरच नापास? मग पोरांनी कुणाकडे बघायचं?” बाईंनी आठवडाभर भांडी आपटली, स्वतःला ‘म्हशी’, ‘बिनडोक’ म्हणून घेतलं आणि बसचं नावच टाकलं.

मग एके दिवशी एका निवृत्त कारकुनाने भर चौकात सहाव्यांदा गाडी बंद पाडली. मागे हॉर्नचा कल्ला. बाई थंडपणे म्हणाल्या, “वाजवू दे त्यांना. तुम्ही क्लच सावकाश सोडा. हं, परत.” आणि बोलता बोलता चपापल्या. या घामाघूम गृहस्थांना एवढी माया, आणि घरच्या बाईला शिव्या?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःला शिकवणीला घेतलं, रीतसर. पहिल्याच तासाला दुखणं सापडलं. बारा वर्षं शेजारच्या सीटवर बसायचं आणि शिकणारा चुकला की आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, एवढंच त्या पायाला ठाऊक. “अहो बाई, इथे कोणी चुकत नाहीये. पाय उचला. उचला म्हणते ना!” महिनाभर हे चाललं. गल्लीने कान टवकारले ते इथेच.

तिसरी परीक्षा. शेजारी परीक्षक, बाहेर रांगेतले उमेदवार खिदळताहेत. आरशात पिंप मोठं मोठं होत गेलं, तसा पाय शिवशिवला.

“येऊ द्या, अजून हातभर जागा आहे,” बाई म्हणाल्या.

परीक्षक दचकले. “मला म्हणालात?”

“तुम्हाला नाही हो, माझ्या विद्यार्थिनीला.”

बस एकदाही न अडखळता पिंपांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी दिरांनी पास झाल्याचा कागद उलटापालटा करून पाहिला. “हं! तिसऱ्या खेपेला काय, कुणीही पास होतं.”

बाई म्हणाल्या, “खरंय भाऊजी. फक्त तिसऱ्यांदा जावं लागतं.”