मोरीचं उद्घाटन

मुरबाडच्या मामांना लकवा झाला. उजवा हात गेला, वाचा गेली; माजी सरपंचपद तेवढं शाबूत राहिलं. व्यायाम म्हटला की ते भिंतीकडे तोंड करत.

त्यांच्यासाठी घरी येणारी सिस्टर कधी हसलेली मला दिसली नाही. एका सकाळी तिने मोरीच्या दाराला लाल फीत बांधली आणि मामांच्या उजव्या हातात बोथट कात्री दिली.

“चला सरपंच, लोक खोळंबलेत.”

लोक म्हणजे मामी आणि मी. मामा तिच्या आधाराने उठले, मोरीपर्यंत चालले. फीत कापली गेली नाही.

“नाय जमलं तर उद्या परत कार्यक्रम ठेवू,” ती म्हणाली.

असे कार्यक्रम रोज झाले. गोठा झाला, फ्रिज झाला. ती थट्टा करते की काय, मला कळेना.

“सिस्टर, घरात काय उरलं नाय गो आता,” मामी म्हणाली.

“मग मोरीचाच जीर्णोद्धार करू.”

त्या दिवशी फीत कापली गेली. मामांनी घसा खाकरला. “बंधू...” ते म्हणाले. दोन महिन्यांतला पहिला शब्द. मामी हुंदके देऊ लागली.

“मामी, गप बसा. भाषण चालू आहे,” सिस्टर म्हणाली, आणि बादली पालथी घालून पुढच्या शब्दाची वाट बघत बसली.